आधी आठवडा मोजा, मग ध्येय ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बाई कोथरूडला राहतात, हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहेत, वय ३६. आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला जातात, दुचाकीवरून. सोमवारी आणि शुक्रवारी घरून काम. घरी नवरा, दुसरीतली मुलगी आणि सासूबाई. नव्या वर्षासाठी त्यांनी सात ध्येयं लिहून काढली आहेत: दहा किलो वजन कमी करणं, रोज पाचला उठणं, आठवड्यातून पाच दिवस जिम, २४ पुस्तकं, जर्मन भाषेच्या ए-१ आणि ए-२ या पहिल्या दोन पातळ्यांच्या परीक्षा, पाच लाखांची बचत, आणि ‘फोन कमी, मुलीवर ओरडणं बंद’. त्या लिहितात, “दरवर्षी यादी करते आणि फेब्रुवारी उजाडायच्या आत सगळं बंद पडतं. मी आरंभशूर आहे का? माझ्यात चिकाटीच नाही का? वास्तवाला धरून ध्येयं ठरवायची तरी कशी?”

ताई, नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या लोकांबरोबर समुपदेशक म्हणून मी बरीच वर्षं काम करते आहे, आणि तुमच्यासारखी यादी डिसेंबरमध्ये वारंवार माझ्या टेबलावर येते. तुमच्या चिकाटीबद्दल मला अजिबात शंका नाही. रोज सकाळी तीन डबे भरून नऊच्या मीटिंगला हजर राहणाऱ्या माणसाला चिकाटी नाही असं कोण म्हणेल? गडबड तुमच्या स्वभावात नाही, बेरजेत आहे. ती बेरीज एकदा मांडून बघू.

आठवड्याचे १६८ तास. रोज सात तास झोप धरली तर ४९ गेले. ऑफिसचं काम रोज नऊ तास, पाच दिवस, म्हणजे ४५. चांदणी चौकातून हिंजवडी जाऊन-येऊन दिवसाला दोन तास वीस मिनिटं, तीन दिवसांचे सात तास. स्वयंपाक, डबे, ओटा-भांडी, आवराआवर रोज तीन तास धरले तर २१. अंघोळ, चहा, जेवण यांचे १४. मुलीचा अभ्यास आणि तिला झोपवणं यांचे साडेदहा. बाजारहाट, इस्त्री, सासूबाईंना डॉक्टरकडे नेणं, कुणाचं तरी केळवण, कुणाची तरी वास्तुशांत, हे सगळं पाच तासांत बसवलं (बसत नाही, पण बसवलं). उरले साडेसोळा तास.

आता तुमची यादी. जिम पाच दिवस, जाण्या-येण्यासकट दीड तास, म्हणजे साडेसात. अडीचशे पानांचं पुस्तक वाचायला आठ तास धरले तर २४ पुस्तकांना आठवड्याला पावणेचार तास लागतात. जर्मनच्या ए-१ पातळीपर्यंत पोचायला ४५ मिनिटांचे ८० ते २०० तास लागतात, असा जर्मन शिकवणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटचा अंदाज आहे. आपल्या घड्याळात ते ६० ते १५० तास झाले, आणि ए-२ त्यापुढे. म्हणजे आठवड्याला चार तास तरी हवेतच. एकूण सव्वापंधरा.

साडेसोळात सव्वापंधरा कागदावर बसतात. म्हणूनच दर डिसेंबरात ही यादी जमेल असं वाटतं. पण ते साडेसोळा तास सलग नसतात. पंधरा मिनिटं कुकर होईपर्यंत, दहा मिनिटं शाळेच्या व्हॅनची वाट बघताना, आणि बराचसा वेळ रात्री दहानंतर, जेव्हा डोकं चालत नाही आणि हात आपोआप फोनकडे जातो. सलग अर्धा तास तरी आहे, डोकं ताजं आहे आणि कुणी हाक मारणार नाही, असे तास मोजले तर तुमच्यासारख्या घरात ते पाच-साडेपाचच्या वर सहसा निघत नाहीत. अंथरूण एवढं आहे. यादी त्याच्या तिप्पट.

माझ्या हिशेबावर विश्वास ठेवू नका, स्वतः मोजा. ध्येयं लिहिण्याआधी एक साधा, सणवार नसलेला आठवडा निवडा आणि रोज रात्री पाच मिनिटांत त्या दिवसाची नोंद करा. काय करायला हवं होतं ते लिहायचं नाही, काय झालं तेवढंच लिहायचं. एका शिक्षिकेने आणलेला असा कागद माझ्या डोळ्यांसमोर आहे. मंगळवारच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘९.४० ते १०.२५, ओटा, डबे विसळले, मटकी भिजत घातली, उद्याची भाजी निवडली. १०.२५ ते ११.१५, मोबाईल.’ त्या शेवटच्या ओळीखाली तिने लाल रेघ मारली होती, अपराध केल्यासारखी. मी तिला वरची ओळ नीट वाचायला सांगितली. पहाटेपासून उभ्या असलेल्या बाईला रात्री साडेदहाला मिळालेली ती पहिली बैठक होती. ती पन्नास मिनिटं ‘वाया गेलेली’ समजून तिथे अभ्यास कोंबायचा बेत केला, तर तो आठवडाभरही चालणार नाही. विश्रांतीचा वेळ विश्रांतीच्याच खात्यावर ठेवा. ध्येयांसाठी वेळ दुसरीकडून काढावा लागतो.

दुसरीकडून म्हणजे कुठून, हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत, आणि मला सगळ्यात महत्त्वाचा तोच वाटतो. घर चालवणाऱ्या माणसाचा कुठलाही मोकळा तास कुणाच्या तरी तासातून निघतो. सिंहगड रोडला राहणारे एक बँक अधिकारी माझ्याकडे यायचे. दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढायचा, हे त्यांचं ध्येय. महिन्याभरात ते मोडलं, आणि घरचे लोक साथ देत नाहीत अशी त्यांची तक्रार होती. घरच्यांशी बोलल्यावर कळलं की रविवार सकाळ ही त्यांच्या वडिलांना अंघोळ घालायची वेळ होती आणि ते काम आता बायकोवर पडत होतं. तिला आठवड्यात मिळणारी एकच निवांत सकाळ गेली होती. मग त्यांनी एक रविवार गडाचा आणि एक रविवार घरचा असं ठरवलं, आणि घरच्या रविवारी बायको आठपर्यंत झोपणार हेही त्यातच लिहिलं. हे पुढे टिकलं, कारण आता ते दोघांच्या सोयीचं होतं.

तुमच्या बाबतीत नेमकं उलटं होण्याचा धोका आहे. तुम्ही स्वतःच्या ध्येयांसाठी कुणाकडे काही मागणार नाही, सगळा वेळ स्वतःच्या झोपेतून काढाल. ‘रोज पाचला उठणं’ हे ध्येय मला तेवढ्यासाठीच खटकलं. साडेअकराला झोपणाऱ्या बाईने पाचला उठायचं म्हणजे साडेपाच तास झोप. ते ध्येय आज यादीतून काढा. त्याऐवजी नवरा आणि सासूबाई यांच्याबरोबर जानेवारीच्या आधी एकदा बसा आणि ‘मला आठवड्याला साडेपाच तास हवेत, ते कसे निघतील’ एवढंच विचारा. पुण्यात याला मार्ग आहेत. पोळ्यांना बाई लावली तर रोजची चाळीसेक मिनिटं सुटतात. ते परवडत नसेल तर शनिवारी पोळीभाजी केंद्रातून पोळ्या आणा. दोन सकाळी मुलीची वेणी, दूध आणि व्हॅन हे नवऱ्याचं काम. मागितल्याशिवाय यातलं काही मिळत नाही, आणि मागण्यात काहीही गैर नाही.

आता साडेपाच तासांत काय बसवायचं. एक ना धड भाराभर चिंध्या होऊ द्यायच्या नसतील तर स्वतःला विचारा: ३१ डिसेंबरला बाकी सहा गोष्टी राहिल्या तरी चालतील, पण कुठली एक झाली नाही तर मनाला लागेल? उत्तर तुमच्या पत्रातच आहे असं मला वाटतं. वजनाबद्दल तुम्ही अर्धी ओळ लिहिली आहे. जर्मनबद्दल चार ओळी आहेत: कॉलेजात असताना शिकायचं राहून गेलं, आता कंपनीत जर्मनीतल्या ग्राहकाचं काम आलं आहे, त्यांचं बोलणं कानावर पडतं आणि कळावंसं वाटतं. तेच तुमचं या वर्षाचं ध्येय आहे. बाकीच्यांना दुय्यम जागा द्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण ‘वास्तववादी’ म्हणजे ‘सोपं’ असा अर्थ हल्ली घेतला जातो. एडविन लॉक आणि गॅरी लेथम या मानसशास्त्रज्ञांनी ध्येयांवर अनेक दशकं काम केलं. ‘जमेल तेवढं करू’ असं म्हणणाऱ्यांपेक्षा नेमकं आणि अवघड ध्येय ठेवणाऱ्यांची कामगिरी सरस असते, असं त्यांना पुन्हा पुन्हा दिसलं. अट एवढीच की ते ध्येय त्या माणसाच्या कुवतीत असावं, त्याला ते मनापासून हवं असावं आणि आपण कुठवर आलो हे त्याला मधूनमधून कळत राहावं. म्हणून जर्मनचं ध्येय मी तुम्हाला छोटं करायला सांगणार नाही. वर्षअखेर ए-१ ची परीक्षा द्यायची, तारीख आणि फीसकट. ए-२ मात्र पुढच्या वर्षाचं. एक ध्येय अवघड ठेवा आणि बाकीची इतकी साधी ठेवा की त्यांचं ओझं वाटू नये.

हिशेब असा: ए-१ साठी साधारण १०० ते १२० तास धरा. वर्षाचे आठवडे ५२, पण तुमचे ५२ नाहीत. गणपतीचे दिवस, दिवाळी, मुलीच्या परीक्षा, मे महिन्यातलं गाव, दोन-तीन लग्नं, घरातली आजारपणं वजा केली की ४० उरतात. चाळीस आठवडे, आठवड्याला तीन तास: दोन वर्गाचे, एक गृहपाठाचा. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवन, म्हणजे गोएथे इन्स्टिट्यूटचंच पुण्यातलं केंद्र, आहे; दोन्हीकडे चौकशी करा. घरबसल्या ॲपवर शिकण्यापेक्षा वर्ग लावा असं मी आग्रहाने सांगते. भरलेली फी आणि वाट बघणारे शिक्षक यांच्यामुळे माणूस कंटाळ्याच्या दिवशीही घराबाहेर पडतो.

बारा आठवडे वजा करणं तुम्हाला निराशावादी वाटेल, पण आपले अंदाज नेहमी उलट्या बाजूला चुकतात. कॅनडातल्या रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांचा १९९४ मधला अभ्यास प्रसिद्ध आहे. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, किती दिवसांत पूर्ण होईल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळंच बिनसलं तर? तेव्हाचं उत्तर होतं सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५. म्हणजे वाईटात वाईट काय होईल याचा विचार करूनही माणसाचा अंदाज तोकडाच पडला. यावर उपाय एकच, गेल्या वर्षी काय घडलं ते बघायचं. गेल्या वर्षीचं कालनिर्णय फेकलं नसेल तर काढा. त्यावर तुम्ही दुधाचे खाडे लिहिलेले असतील, कामवाल्या बाईंच्या सुट्ट्या, गॅस कधी लावला, मुलीला कधी ताप होता. तुमचं वर्ष खरोखर कसं गेलं याची एवढी प्रामाणिक नोंद दुसरीकडे कुठेही सापडणार नाही. नवीन वर्षाचे बेत त्या पानांशेजारी बसून करा.

प्रत्येक ध्येयाला दोन मापं ठेवा, एक नेहमीच्या आठवड्याचं आणि एक वाईट आठवड्याचं. व्यायामाचं बघू. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि भरभर चालणं त्यात येतं. त्यासाठी जिमची फी भरायची गरज नाही. शनिवार-रविवारी महात्मा सोसायटीकडच्या टेकडीवर ४५-४५ मिनिटं, सोमवारी आणि शुक्रवारी, जेव्हा हिंजवडीचा प्रवास वाचतो तेव्हा, ३०-३० मिनिटं. झाले दीडशे. हे नेहमीचं माप. वाईट आठवड्यात, म्हणजे सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, सासूबाईंना बरं नाही किंवा पोळ्यांच्या बाई गावी गेल्या आहेत, तेव्हा फक्त दोनदा दहा मिनिटं इमारतीचे जिने. जर्मनचं वाईट माप: दोन दिवस दहा-दहा मिनिटं शब्दांची उजळणी. वाईट आठवड्याचं माप पूर्ण झालं की तो आठवडा यशस्वी धरायचा. ही मनाची समजूत काढणं नव्हे. सगळं किंवा काहीच नाही, या हट्टापायीच बहुतेकांचं फेब्रुवारीत सगळं सुटतं.

दहा किलोंबद्दल. वजन थेट तुमच्या हातात नाही. चालणं, रात्रीचं जेवण लवकर करणं, ऑफिसात चार वाजता येणारे समोसे टाळणं हे आहे. काट्यावरचा आकडा पाणी, मासिक पाळी, झोप यांनीही हलतो आणि माणसाला उगाच खचवतो. वर्षभर चालण्याचे दिवस मोजा, वजन महिन्यातून एकदा बघा. आणि पुरेशी झोप घेऊनही सतत थकवा असेल, केस गळत असतील, तर कुठलंही ध्येय ठरवायच्या आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन लागत नसेल तर तो आळस समजू नका, डॉक्टरांशी बोला. १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं.

वेळ आणि जागा आधीच बांधून टाकणं ही माझ्या अनुभवातली सगळ्यात उपयोगी युक्ती. पीटर गोलवित्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात ती अभ्यासून मांडली आणि नंतर अनेक प्रयोगांत ती खरी ठरली. ‘मी व्यायाम करीन’ असं नाही, तर ‘सोमवारी सहाचा कॉल संपला की लॅपटॉप मिटून बूट घालीन’. जेव्हा अमुक, तेव्हा तमुक. अडचणींचीही वाक्यं आत्ताच लिहा: ‘पाऊस असेल तेव्हा टेकडीऐवजी जिने.’ पावसाळ्यात टेकडीच्या वाटा निसरड्या होतात, तेव्हा हे वाक्य तुम्हाला जूनपासूनच लागणार आहे. ‘कॉल लांबला तर जेवणानंतर सोसायटीत पंधरा मिनिटं.’ त्या क्षणी विचार करायची वेळ आली की थकलेलं मन सुट्टीच्या बाजूने कौल देतं.

सातवं ध्येय मला फार जवळचं वाटलं. फोन कमी, ओरडणं बंद. ही दोन्ही ‘नको’ची ध्येयं आहेत. स्वीडनमध्ये हजारावर लोकांच्या नववर्षाच्या संकल्पांचा वर्षभर मागोवा घेतला गेला. त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. काहीतरी करायचा संकल्प केलेल्यांपैकी सुमारे ५९ टक्के स्वतःला यशस्वी म्हणत होते, काहीतरी टाळायचा संकल्प केलेल्यांपैकी ४७ टक्के. तेव्हा ‘ओरडणार नाही’ ऐवजी काय करीन ते लिहा. तुम्ही कधी ओरडता ते आठवड्याच्या नोंदीत दिसेलच. बहुतेक घरांत ते सकाळी पावणेसात ते सव्वासात असतं, मोजे सापडत नाहीत आणि व्हॅनवाले काका हॉर्न वाजवतात तेव्हा. मग संकल्प असा: ‘रात्री जेवण झालं की दप्तर, गणवेश, मोजे मुलीबरोबर दाराशी काढून ठेवीन.’ फोनचंही तसंच. रात्री साडेदहाला तो स्वयंपाकघरात चार्जिंगला आणि उशाशी एक पुस्तक. २४ चा आकडा सोडा. रात्री पाच पानं झाली तरी वाचन चालू राहील, आणि वर्षाला पाच-सहा पुस्तकं जरी झाली तरी ती आनंदाने वाचलेली असतील.

बचतीचं थोडक्यात. पाच लाख म्हणजे महिन्याला ४१,६६७ रुपये. ते निघतात का, हे शाळेची फी, विम्याचे हप्ते, मिळकतकर आणि दिवाळी वजा करून बघा आणि जो आकडा खरा निघेल तो घ्या. पगाराच्या दुसऱ्याच दिवशी तो आपोआप कापला जाईल अशी बँकेत व्यवस्था करा. पीपीएफमध्ये टाकणार असाल तर पाच तारखेच्या आत टाका, त्या महिन्याचं व्याज पाच तारखेपासूनच्या शिलकीवर मिळतं. याला इच्छाशक्ती लागत नाही, एकदा फॉर्म भरावा लागतो.

‘२१ दिवसांत सवय लागते’ हे तुम्ही ऐकलं असेल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. म्हणजे जानेवारीच्या अखेरीस चालणं अजून जड वाटत असेल तर त्यात वावगं काही नाही, तुम्ही निम्म्या वाटेवरही नाही. त्याच अभ्यासात असंही दिसलं की मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही. चुकलेला दिवस भरून काढायला दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका, नेहमीएवढंच करा.

वर्षाचा आढावा डिसेंबरवर ठेवू नका. आपल्याकडे नव्या सुरुवातीचे दिवस भरपूर आहेत: पाडवा आहे, जूनमध्ये शाळा सुरू होते, दसरा आहे. गुढीपाडव्याला अर्धा तास काढा आणि नोंदी बघा. किती आठवडे नेहमीचं माप झालं, किती वाईट आठवड्याचं, किती कोरे गेले? कोरे चारांहून जास्त असतील तर माप कमी करा किंवा वेळ बदला; स्वतःला बोल लावण्यात ती सुट्टी घालवू नका. आणि नवऱ्याने कबूल केलेल्या दोन सकाळी खरंच त्याने सांभाळल्या का, हेही त्याच दिवशी विचारा.

या आठवड्यात एवढंच करा: रोजची नोंद सुरू करा आणि जर्मनच्या वर्गांच्या वेळा विचारून ठेवा. बॅच शनिवार सकाळची मिळाली तर टेकडी संध्याकाळी जाईल आणि सासूबाईंच्या डॉक्टरांची शनिवारची वेळ बदलावी लागेल. ते कोण बघणार, हे फी भरण्याआधी घरात ठरवून घ्या.